गॅरेजातली ओल आणि चाळीस वॅटचा बल्ब

वेंगुर्ल्यातल्या आमच्या घराला लागून चिऱ्याचं गॅरेज आहे. अर्ध्या जागेत स्कूटर, अर्ध्यात बाबांची सुतारकामाची हत्यारं. जूनमध्ये पाऊस लागला की चिरा पाणी पीत राहतो आणि गणपतीपर्यंत भिंती सुकत नाहीत. रंध्याच्या पात्यावर दोन दिवसांत तांबडा गंज धरतो, पॉलिश पांढरं पडतं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात गणपतीचा पाट करायला घेतला होता. ओल जाईना म्हणून करवंटीच्या निखाऱ्यांची शेगडी आत घेतली आणि झड येते म्हणून दार ओढून घेतलं. धूर अजिबात नव्हता, म्हणून मी निर्धास्त. अर्ध्या तासात डोकं ठणकू लागलं, मळमळलं, हातातली पटाशी पेलवेना. नशीब, आई चहा घेऊन आली. "बाबू, भायर ये आदी!" हे तिचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतं. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज मनातून काढून टाका. एवढ्यासाठीच खरं तर हे लिहितोय.

गॅसची शेगडीही नको. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या आसपास पाण्याची वाफ होते, म्हणजे ओल घालवायला जावं तर तीच वाढते. शिवाय स्कूटर आत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते आणि ज्योत तिथेच असते.

मग हीटरचा हिशेब केला. 1000 वॅटचा हीटर तासाला एक युनिट खातो, आणि ऊब जाते कौलांच्या फटींतून. तेव्हा लक्षात आलं की आपल्याला अख्खं गॅरेज तापवायचंच नाही, हत्यारं सुकी राहिली की पुरे. जुन्या लाकडी कपाटात खाली 40 वॅटचा बल्ब बसवला. जुन्या पद्धतीचा, तारेचा. एलईडी इथे उपयोगाचा नाही, तो पुरेसा तापत नाही. होल्डर चिनी मातीचा, भोवती जाळी, लाकडापासून वीतभर लांब. खाली-वर चार-चार भोकं पाडली. तेलाचे बोळे कपाटात कधीच ठेवत नाही. जवसाच्या तेलाचा बोळा तर आपोआप तापून पेट घेऊ शकतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलं आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. त्या खर्चात काटकसर केली नाही.

दिवसरात्र चालून बल्ब एका युनिटच्या आत राहतो. बाहेर 26 अंश आणि 95 टक्के दमटपणा असला, तरी आतली हवा पाच अंशांनी तापली की तोच दमटपणा सत्तरच्या घरात येतो. गेल्या पावसात रंध्याला एकदाही घासपेपर लावावा लागला नाही.

शेगडी आता खळ्यात असते. पाऊस उघडला की आई तिच्यावर बांगडे भाजते.