पहिल्या शिकारीची तयारी, मुक्काम सोलापूर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना हवा असेल, तर आधी एक अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा पास व्हावी लागते. मला येत्या नोव्हेंबरात पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जायचंय, म्हणून त्याचं पुस्तक बॅगेत टाकूनच यंदा मे महिन्यात माहेरी आले. सोलापूरच्या उन्हात दुपारचं बाहेर पडणं शक्यच नाही. कूलरसमोर बसून पुस्तक वाचून काढलं. शिकार कशी करायची हे त्यात आहेच, पण सगळा जोर आहे तो गोळी कधी झाडायची नाही, यावर.

हरीण टेकडीच्या माथ्यावर उभं आहे आणि मागे नुसतं आभाळ आहे? झाडायची नाही. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते आणि टेकडीपलीकडे कोण आहे ते आपल्याला दिसत नसतं. पळत असेल तर नाही. थेट आपल्याकडे तोंड करून उभं असेल तर नवख्याने नाही. त्याच्या मागे दुसरं हरीण असेल तर नाही, कारण एकातून आरपार गेलेली गोळी दुसऱ्याला लागते. उजेड कमी असेल तर नाही. झुडपात काहीतरी हललं, एवढ्यावर तर कधीच नाही. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे, लांबून काय दिसतंय ते बघायला गळ्यातली दुर्बीण वापरायची, बंदुकीवरची नाही. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ‘माणूस आहे की जनावर’ हे बघायचं म्हणजे आधी त्या माणसावर नळी रोखायची.

चार नियम तर तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची. निशाणा कोणता आणि त्याच्या पलीकडे काय, याची खात्री करायची. झाडायचं ठरेपर्यंत बोट चापाजवळ न्यायचं नाही. अमेरिका आणि बंदूक म्हटलं की इथे लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. त्या बातम्या खऱ्या आहेत, आणि तिथे राहून त्याची भीती मलाही वाटते. पण त्याच देशात बारा वर्षांची पोरगी वडिलांशेजारी बसून, समोर हरीण असताना, ‘मागे रस्ता आहे, नको’ म्हणते, हेही खरं आहे. ते कुणी बातमीत दाखवत नाही, म्हणून मी लिहितेय.

मला चकित करणारा दुसरा नियम व्हिसाचा. माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. अपवाद मोजके आहेत, आणि त्यातला एक म्हणजे वैध शिकारीचा परवाना. वकिलाकडून खात्री करून घेतली आणि ठरवलं, परवाना हातात येईपर्यंत बंदुकीला हातही लावायचा नाही. सरावसुद्धा त्यानंतरच. व्हिसावर असताना कागदात ढिलाई करून चालत नाही, हे परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

घरी सांगितलं तेव्हा जे व्हायचं ते झालं. आई म्हणाली, ‘हरीण? त्या गरीब जनावरानं तुझं काय घोडं मारलंय?’ चुलतभाऊ म्हणाला, ‘काय बे, तिकडं जाऊन असले धंदे?’ हाच भाऊ आखाडात बोकड कुठून आणायचा, कितीचा आणायचा, कुणाकडून कापून घ्यायचा, सगळं पुढे होऊन ठरवतो. आमच्या घरी काळ्या मटणाचा रस्सा आणि कडक भाकरी म्हणजे सण. मी लहानपणापासून ते आवडीने खात आले आणि आजही खाते. मग जे खाते त्याचा जीव एकदा स्वतः घ्यायची, त्या क्षणाची जबाबदारी स्वतःवर घ्यायची तयारी असावी, असं मला गेली काही वर्षं वाटतंय. दुकानात पातळ प्लॅस्टिकखाली गुलाबी मांस बघून घ्यायचं आणि हरणाचे डोळे किती सुंदर म्हणून हळहळायचं, हे मला जमत नाही. बोकडाचे डोळे काय वेगळे असतात?

आईचा पुढचा प्रश्न मात्र खरा होता. ‘अंगावर पिणारं पाडस असलं तर?’ तिथली पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी हंगाम सुरू होतो तोवर त्यांचं दूध सुटलेलं असतं. हंगाम ठरवताना हे बघितलेलं असतं. बंदुकीचा मुख्य हंगाम फक्त नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. ‘तेव्हा मार्गशीर्ष लागलेला नसला म्हणजे मिळवली,’ आई म्हणाली आणि लगेच कालनिर्णय काढून बसली. हे मला आवडलं. तिचा विरोध अर्धा मावळला होता.

सोलापूरजवळ मार्डीला मामांकडे गेले तेव्हा वही सोबत होती. जिथे बसायचं आहे ते शेत माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या घरचं आहे, मका आणि सोयाबीनचं. मला शिकवायचं त्यांनी कबूल केलंय, पण एका अटीवर. आधी शेताचा नकाशा मी स्वतः काढायचा. घर कुठे, गोठा कुठे, रस्ता कुठे, शेजाऱ्याची हद्द कुठे आणि गोळी अडवायला मागे माती कुठे आहे, हे सगळं दाखवायचं. ओकची झाडं पश्चिमेला. त्यांची फळं ऑक्टोबरात गळतात आणि हरणं तिकडे येतात. मक्यातून ओकांकडे जाणारी त्यांची पायवाट मी तुटक रेघेने काढली होती, आणि बसायची जागा फुलीने.

मामांनी चष्मा लावला, वही उलटी-सुलटी केली आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘वारं कुठनं येतंय गं, पोरी?’

मी अवाक झाले. पुस्तकात एक अख्खा धडा वाऱ्यावर आहे. पांढऱ्या शेपटीचं ते हरीण नाकावर जगतं. आपल्याकडून त्याच्याकडे वारं वाहत असेल तर ते दिसायच्या आतच निघून जातं. मामांनी आयुष्यात बंदूक धरलेली नाही. माळावर शेळ्या राखल्या, रात्री ज्वारी राखली, तेवढं त्यांना पुरलं. मी म्हटलं, ‘मामा, तिकडं नोव्हेंबरात बहुतेक वायव्येकडनं वारं असतं. तुम्ही म्हणाल तिथं फुली हलवते.’ त्यांनी पेन घेतलं आणि फुली ओकांच्या आग्नेयेला सरकवली. मग म्हणाले, ‘आपलं काळवीट असतं तर वाऱ्याचं एवढं नसतं. ते डोळ्याचं तिखट. माळावर लांबनंच बघतंय आणि उडतंय.’ अगदी बरोबर. उघड्या माळावरचं जनावर नजरेवर जगतं, झाडीतलं वासावर. सहकाऱ्याला तो नकाशा फोटो काढून पाठवला. त्यांचं उत्तर आलं की जागा योग्य आहे, फक्त दक्षिणेचं वारं असेल त्या दिवशी दुसरीकडे बसू. मामांना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, जणू त्यात काही विशेष नाही. मला मात्र फार अभिमान वाटला.

मग मामांनी त्यांचं दुखणं काढलं. ‘तिथं शेतकऱ्याला परवाना देतात. इथं कळप रातीत हरभरा साफ करतंय, आम्ही डबा वाजवायचा.’ नान्नज-मार्डीच्या पट्ट्यातल्या कुणालाही हे नवीन नाही. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीचा प्रश्नच येत नाही. नुकसानभरपाई आहे, पण अर्ज, पंचनामा, फेऱ्या. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोक वर्षानुवर्षं त्यात अडकले, आणि नंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. ज्याच्यासाठी हे केलं तो माळढोक पक्षी दिसणं आता दुर्मीळ. तिकडे शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. काडतुसाची प्रत्येक पेटी घेताना शिकारी जंगलासाठी पैसे मोजत असतो. हे मला अतिशय आवडतं.

तरी मी मामांना सांगितलं की इथे परवाने नकोतच. तिथल्या हरणांची संख्या अफाट आहे. हमरस्त्यावर गाडीला हरीण धडकलेलं एक तरी ओळखीचं माणूस तिथे प्रत्येकाला असतं. राज्याच्या दक्षिण भागातल्या शेतांवरून लांडगे कधीच संपले, उत्तरेच्या आणि मध्य भागातल्या जंगलात तेवढे आहेत, त्यामुळे दक्षिणेत हरणं आटोक्यात ठेवायचं काम माणसाला करावं लागतं. नान्नजच्या माळावर लांडगा अजून आहे आणि आपलं काम करतो आहे. शेळी उचलतो म्हणून शिव्या खातो, तरी लोकांनी त्याला राहू दिलंय. कुंपण न घालता, शेताच्या बांधाला लागून काळवीट आणि लांडगा दोन्ही सांभाळणारी आपली माणसं आहेत. विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याला हे जमलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि शिकारीबद्दल बोलताना सोलापूरकराला पारध्यांना विसरता येत नाही. वाऱ्याची, पावलांची, फासे लावायची विद्या ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या होती, त्यांना इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. आपल्याच शहरात त्यांना आणि त्यांच्यासारख्या इतर जमातींना तारेच्या कुंपणाआड कोंडलं. १९५२ मध्ये कायदा गेला, पण त्या भागाला आजही आपण सेटलमेंटच म्हणतो. विस्कॉन्सिनच्या उत्तरेत ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या करारांत अमेरिकन सरकारला जमीन दिली, पण तिच्यावर शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. तो हक्क १९८३ मध्ये न्यायालयाने मान्य केला. त्यांनाही त्यासाठी लढावं लागलं, दगड खावे लागले. पण निदान कागदावर लिहिलेलं काहीतरी त्यांच्या हातात होतं. मी परवाना काढून, केशरी जॅकेट घालून जे हौसेने करणार आहे, त्यासाठी आपल्याकडे एका अख्ख्या समाजाच्या कपाळी शिक्का बसला. ही गोष्ट मला पुस्तक वाचताना सारखी टोचत राहिली.

आता राहिलेली तयारी. परवाना निघाल्यावर ऑगस्टपासून सराव. सहकाऱ्याची .२४३ मापाच्या गोळीची रायफल आहे, तिचा धक्का कमी बसतो, म्हणून नवख्याला बरी. पुढच्या पायामागे, हृदय आणि फुप्फुसं असतात ती जागा साधारण ज्वारीच्या भाकरीएवढी. शंभर यार्डांवरून तेवढ्या जागेत प्रत्येक गोळी बसत नसेल तर यंदा नुसतं बघायला जायचं, हे दोघांचं ठरलंय. झाडावरच्या मचाणावर बसायचं असल्याने अंगभर पट्टा लागेल. गोळीपेक्षा मचाणावरून पडण्याची भीती मोठी असते, असं शिकवणारे पुन्हा पुन्हा सांगतात, म्हणून तो नवाच घेणार, कुणाचा वापरलेला नाही. कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग भडक केशरी (किंवा भडक गुलाबी) हवा, आणि टोपी घातली तर तिचाही. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. आणि नर नाही, मादी. भिंतीवर शिंगं लावण्यात मला काडीचा रस नाही, आणि संख्या आटोक्यात ठेवायला मादीचाच परवाना उपयोगी.

गोळी लागल्यावर लगेच धावत सुटायचं नाही. निदान अर्धा तास जागेवर थांबायचं, कारण जखमी जनावराला हुसकावलं तर ते मैलभर जाऊन हाल होऊन मरतं. मग रक्त बघायचं. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुसाला लागलीय, जवळच सापडेल. काळपट आणि त्यात हिरवट काही असेल तर पोटाला लागलीय, तासन्‌तास थांबायचं आणि नंतर सापडेपर्यंत शोधायचं. हे पान मी पुन्हा पुन्हा वाचलंय.

सापडलं की तिथेच आतडी काढून मांस थंड करायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी. मग डोकं तपासणीला द्यायचं. विस्कॉन्सिनच्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी जनावराचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. मानेतल्या गाठींची तपासणी फुकट होते. निकाल येईपर्यंत सगळं फ्रीजरमध्ये.

आईने काळ्या मसाल्याची पिशवी बॅगेत भरलीय. हरणाच्या मांसाला चरबी फार कमी असते, हे सांगितल्यावर म्हणाली, ‘मग खोबरं जास्त भाज, तेलाला हात आखडू नको, आणि रिपोर्ट आल्याबिगर पातेलं चुलीवर ठेवायचं नाही.’ मामांना सराव सुरू झाला की कळवायचंय. नकाशाची एक प्रत त्यांनी ठेवून घेतलीय आणि हंगामाच्या प्रत्येक सकाळी वाऱ्याची दिशा त्यांना फोनवर सांगायची, असं बजावलंय.