मुका खांब

क्रोशा माझ्या बोटांना येतो, मला येत नाही. हे कळलं ते सात वर्षांच्या भाचीला शिकवायला बसले तेव्हा. "सुईवर दोरा घे आणि फासातून ओढून काढ," एवढं सांगून मी थांबले. तीही थांबली. "ओढताना सुई अडकते, मावशी. तुझी का नाही अडकत?" मला सांगता येईना. मग सावकाश विणत स्वतःच्याच हातांकडे चोरून बघितलं, तेव्हा दिसलं की ओढताना मी सुईचं तोंड किंचित खाली वळवते. इतकी वर्षं वळवतेय म्हणे!

तेव्हा सुई ठेवून दिली. पहिले दोन दिवस नुसती बोटांनी साखळी. नंतर सुई दिली ती सहा मिलिमीटरची, चांगली जाड, आणि लोकर जाड, फिक्या रंगाची. गडद लोकरीत टाके मोठ्यांनाही दिसत नाहीत. केसाळ लोकर तर मुलांच्या हाती देऊच नये. चुकलं तर उसवताही येत नाही.

मुलं दोऱ्याचा गळा आवळतात. जीभ बाहेर, खांदे कानापर्यंत, दोरा घामानं ओला आणि टाका इतका घट्ट की सुईचं टोक आत शिरेना. "सैल धर" म्हटलं की दोरा सुटूनच जातो. धाकटा भाचा डावखुरा. त्याला शेजारी बसवून दाखवलं, तर सगळं उलटं. समोर बसवलं, तर आरशात बघितल्यासारखं त्यानं उचललं. मी एक शब्दही बोलले नव्हते. (माझ्या शिकवण्यातला हा सर्वांत यशस्वी तास.)

साखळीनंतर मुका खांब, म्हणजे क्रोशातला एक आखूड टाका. "मुका म्हणजे पापी?" भाचीनं विचारलं. "नाही गं, न बोलणारा." "मग बाकीचे खांब बोलतात?" याला उत्तर नव्हतं. पण त्या दिवसापासून ती विणताना टाके मोजायच्याऐवजी "गप्प, गप्प, गप्प" म्हणू लागली. परिणाम व्हायचा तोच झाला. ओळीच्या टोकाचा टाका दर वेळी निसटला. दहाचे नऊ, नवाचे आठ, आणि चौकोनी रुमालाचा त्रिकोण झाला. भाच्याचं उलट. तो एकाच टाक्यात दोन-दोन खांब घालत सुटला आणि त्याच्या रुमालाला कोबीच्या पानासारख्या चुण्या पडल्या. मी उसवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. दायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये नेमके असेच टाके वाढवत नेऊन हायपरबोलिक प्रतल, म्हणजे कडेकडे पसरत जाऊन चुण्या पडणारा पृष्ठभाग, क्रोशानं विणलं होतं. कागदावर काढून दाखवायला अवघड असलेली भूमिती विद्यार्थ्यांना हातात धरता आली. भाच्याला एवढं सगळं सांगितलं नाही. तो म्हणाला, "ही टोपी आहे," आणि बाहुलीला घातली.

त्रिकोणाचं काय करावं, असा विचार मी करत होते. स्कार्फ म्हणता येईल, टोकाला गोंडा लावता येईल. तेवढ्यात भाचीनं सुई काढली आणि दोऱ्याचं टोक धरून पळत सुटली. सर्र, सर्र, सर्र. तीन संध्याकाळचं काम दारापर्यंत पोचेस्तोवर संपलं. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद विणताना एकदाही दिसला नव्हता.

लोकर जमिनीवर पडली होती, नुकत्याच सोडलेल्या वेणीसारखी कुरळी. तिनं ती गोळा केली, सरकगाठ मारली आणि विचारलं, "आता परत करू?"