ती हागवण नव्हती

मे महिन्यातली दुपार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात माझी ड्युटी होती. सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांना मुलगा आणि सून ऑटोतून घेऊन आले. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन महिने ते खाटेवरच होते.

"सिस्टर, बाबाले चार दिवसापासून हागवण लागली जी," सून म्हणाली. मेडिकलमधून आणलेल्या जुलाब थांबवायच्या गोळ्यांनीही फरक नव्हता.

कागदावर 'जुलाब' लिहिलं गेलं. चादर बदलताना मला शंका आली. डाग पातळ, पण थोडाथोडा झिरपलेला. पोट मात्र टम्म, आणि डावीकडे खाली हाताला कडक लागत होतं. "शेवटची नीट, बांधून शौच कधी झाली होती?" सून घोटाळली. "पंधरा-वीस दिवस झाले असन." पिशवीत ट्रामाडॉलची पट्टी होती. दुखण्याच्या या गोळीनं आतडं मंदावतं, त्यात अंथरुणाला खिळलेलं शरीर. मळ साचून घट्ट होतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेनं पाझरतो. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली की कोंडी वाढतेच.

डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. पडदा ओढला, आजोबांना डाव्या कुशीवर घेतलं, गुडघे पोटाशी. मी ग्लोव्हजवर बधिर करणारी लिग्नोकेन जेली घेऊन बोटानं मळाचे खडे फोडत थोडेथोडे काढायला लागले. माझी सहकारी नाडी धरून होती, कारण गुदाशयावर दाब आला की नाडी अचानक मंदावू शकते. एकदा ती उतरायला लागली तशी मी हात थांबवला. नाडी सुधारल्यावर पुन्हा सुरुवात. आजोबा भिंतीकडे तोंड करून सारखे म्हणत होते, "माय, तुले हे कराव लागते." मी म्हटलं, "बाबा, माह्या बापाचं केलं असतं तसंच हे." मग कोमट पाण्याचा एनिमा. तासाभरात पोट मऊ पडलं.

सुनेला विचारलं, पाणी किती देत होतीस? ती खाली बघत बोलली, "पाणी देल्लं का पुन्हा होते, म्हणून कमीच केलं जी." मला तिचा राग आला नाही. दिवसातून आठ-आठ खेपा धोतर धुणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळी आजोबांनी आपणहून पाणी मागितलं. सून गिलास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"पाजू का जी?"

"भरून पाज."