वारा फिरेपर्यंत थांबा

शाळेच्या इतिहासात प्राचीन व्यापारी मार्ग आले की नकाशा येतो, नकाशावर बाण येतात आणि खाली आयात-निर्यातीची यादी. मिरी, हस्तिदंत, सुती कापड गेलं. सोनं, दारू, काच आली. मुलं पाठ करतात, पेपरात उतरवतात, मोकळी होतात. माझा राग आहे तो त्या बाणांवर. बाण पाहिला की वाटतं, माल आपला आपण सरकत गेला. माणूस कुठे दिसतच नाही.

म्हणून मी नकाशा मागाहून काढते. आधी फळ्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन. जुलैमध्ये इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरातून जहाज सुटतं. नैऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन ते भर समुद्रातून येतं आणि सप्टेंबरच्या सुमारास भरुचला किंवा केरळातल्या मुझिरिसला लागतं. परत जायचं तर वारा फिरायला हवा. तो फिरून स्थिर होईतो डिसेंबर-जानेवारी उजाडतो. मधले चौकोन मी कोरे ठेवते आणि खडू खाली ठेवून गप्प उभी राहते. कुणीतरी विचारतंच, "बाई, मग मधल्या महिन्यांत ते करत काय होते?"

माझा पाठ इथे सुरू होतो. भर समुद्रात कोण कुणाकडून काय शिकणार? देवाणघेवाण झाली ती मुक्कामात.

मग गट पाडायचे. तुम्ही जहाजाचे खलाशी, अनोळखी किनाऱ्यावर अडकलात, काय काय लागेल ते लिहा. सुरुवातीला सगळ्यांच्या यादीत जेवण आणि झोपायची जागा. थोड्या वेळाने डोकी चालायला लागतात: पोट बिघडलं तर औषध कोण देणार, पैसे संपले तर उधार कोण देणार, मारामारी झाली तर निवाडा कोण करणार, बोलायचं कुठल्या भाषेत. एका मुलीने लिहिलं होतं, 'इथल्या देवळात आपल्याला घेतात का ते विचारणे.' शाबास म्हणाले आणि पुराव्याच्या चिठ्ठ्या वाटल्या.

कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी, म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परदेशी म्हणवणाऱ्यांनी, खांब दान दिले, तसं त्या खांबांवरच कोरलंय. एका दात्याचं नाव सिहधय, म्हणजे यवन म्हणवणाऱ्याचं नाव चक्क इथलं. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी (टाकी) दिल्या, चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप. "त्याला इथलं जेवण आवडलं असणार," मागच्या बाकावरून निकाल. असेलही. पण ही माणसं वाऱ्याची वाट पाहणारे खलाशी होते की इथेच स्थायिक झालेली, हे लेख सांगत नाहीत. त्यांना यवन का म्हटलं, यावरही अभ्यासकांचे वाद आहेत. हे मी मुलांना सांगते. बारा वर्षांच्या मुलाला 'नक्की माहीत नाही' हे उत्तर झेपतं. ते झेपत नाही मोठ्यांना.

दुसरा किनारा दाखवल्याशिवाय मात्र तास संपवायचा नाही. नाहीतर परदेशी लोक आले आणि आपले लोक दुकान मांडून बसून राहिले, असंच मुलांच्या डोक्यात बसतं. इजिप्तमधल्या बेरेनिके बंदरात देवळाच्या आवारात पुरलेल्या भारतीय रांजणात सुमारे 7.5 किलो काळी मिरी सापडली. त्याच बंदरात 2022 साली, इसिस देवीच्या देवळाच्या अंगणात, 71 सेंमी उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. दगड भूमध्यसागराकडचा, म्हणजे मूर्ती बहुधा तिकडेच घडली. कुणीतरी आपला देव परक्या कारागिराला समजावून सांगितला असणार. केस कसे, वस्त्राच्या चुण्या कशा, हे हातवारे करून सांगतानाचा प्रसंग मुलं वर्गात करून दाखवतात आणि तो दरवेळी फार हसवतो.

अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरच्या होक गुहेत तर आपल्याकडच्या खलाशांनी भिंतींवर ब्राह्मीत नावं लिहून ठेवलीत. त्यात भरुचचाही उल्लेख आहे. यावर ठरलेली प्रतिक्रिया: "मग आम्ही लिहिलं की का ओरडता?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

पैशाचा भाग मी झटपट उरकते. मुझिरिसहून निघालेल्या हर्मापोलोन जहाजाचा हिशेब इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर आहे. माल जवळपास 70 लाख सेस्टर्सचा (सेस्टर्स हे रोमन नाणं), त्यावर रोमन जकात चौथा हिस्सा. भागाकार करून मुलं व्यापाऱ्याच्या वतीने चिडतात. चिडू देत, तेवढंच गणित.

खुश्कीच्या मार्गालाही हेच मुक्कामाचं सूत्र लावते. तिथे वाऱ्याच्या जागी पैसा, सोबत आणि उंट. चीनमधल्या दुनहुआंगच्या पश्चिमेला एका टेहळणी बुरुजात 1907 साली पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला सोग्दियन या मध्य आशियातल्या भाषेतली पत्रं सापडली, चौथ्या शतकाच्या सुरुवातीची. एक पत्र मिवनाय नावाच्या बाईचं. नवरा तिला दुनहुआंगात ठेवून गेलाय, परतायला ना पैसे ना सोबत. ती नवऱ्याला लिहिते, तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची झाले असते तर बरं झालं असतं. हे वाचल्यावर वर्गात जो गलका होतो, तो आवरायला मी मुद्दाम घाई करत नाही. गेल्या खेपेला त्यातूनच स्वाध्याय निघाला: नवऱ्याच्या वतीने उत्तर लिहा. निम्म्या वर्गाने माफी मागितली, बाकीच्यांनी उंटांचे भाव वाढल्याचं कारण दिलं.