प्रायमर बाहेर, रायफल ठणठणीत

रायफलीला बांधलेल्या चिठ्ठीवर रोगाचं निदानही गिऱ्हाइकानेच लिहून ठेवलं होतं: ‘हेडस्पेस वाढली आहे. प्रायमर बाहेर येतात. दुरुस्त करणे.’ प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसवलेली, ठोका बसताच पेटून दारू पेटवणारी टिकली; हेडस्पेस म्हणजे काडतूस आणि त्याच्या मागे बंद होणारा बोल्ट यांमधली फट. बंदूकदुरुस्तीच्या धंद्यात अशी माणसं नेहमी भेटतात. सोबत झाडून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांची पिशवीही दिली होती, ती मात्र माझ्या फार उपयोगाची ठरली.

रायफल थर्टी-थर्टीची, मार्लिन ३३६. हे काडतूस १८९५ पासून चालत आलेलं आहे आणि लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाखालची लिव्हर ओढून पुढचं काडतूस चढवायची रायफल, म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. गृहस्थ वयस्कर, खांद्याची शस्त्रक्रिया झालेली. बंदुकीचा धक्का सोसवेना, पण नेम धरायची हौस काही जाईना. म्हणून घरीच शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या, दारू कमी भरायची आणि प्राण्या-पक्ष्यांच्या आकाराच्या पोलादी पाट्या पाडायच्या, असा त्यांचा कार्यक्रम. ५० मीटरवर कोंबड्या, १०० वर डुकरं, १५० वर टर्की आणि २०० वर मेंढे.

पिशवीतली एक पुंगळी घेऊन बुडावरून नख फिरवलं. प्रायमरशी नख अडलं. सपाट बसायला हवा तो प्रायमर किंचित वर आलेला. कोणीही हेच म्हणेल की दाब जास्त झाला, नाहीतर बोल्ट आणि पुंगळीच्या कडेमधली फट वाढली. पण तीच पुंगळी आडवी धरली तर मान काळी, खांदा काळा, काजळी पार अर्ध्या अंगापर्यंत उतरलेली. दाब पुरेसा असला की पितळ फुगून चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या पोकळीला, घट्ट चिकटतं आणि धूर मागे येत नाही. इथे पितळ फुगलंच नव्हतं. जास्त दाबाची पुंगळी अशी मळकी नसते.

तरी फट मोजायचे गेज लावून पाहिले: ‘गो’वर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये. ‘गो’वर बोल्ट बंद झाला, ‘नो-गो’वर झाला नाही. हेडस्पेस ठीक. मग आमच्या चाचणीच्या जागी जाऊन कारखान्याची पूर्ण ताकदीची काडतुसं झाडली. सगळ्यांचे प्रायमर सपाट.

काय होतं, की चाप ओढल्यावर आधी प्रायमर फुटतो आणि स्वतःच मागे सरकून बोल्टला टेकतो. पूर्ण ताकदीच्या काडतुसात पाठोपाठ दाब चढतो, पुंगळीचं बूड मागे रेटलं जातं आणि प्रायमर पुन्हा आपल्या खाचेत जातो. दारू फारच कमी असेल तर पुंगळी जागची हलत नाही आणि प्रायमर बाहेरच राहतो. म्हणजे लक्षण तेच, रोग अगदी उलटा.

हे सांगितलं तर गृहस्थांना पटेना. “अहो, पुस्तकात दिलेल्या किमान मापापेक्षाही कमी भरतो मी. दारू कमी म्हणजे धोका कमीच ना?”

म्हटलं, चला, तुमचीच काडतुसं झाडून बघू. नेम त्यांनी धरला, मी शेजारी उभा राहिलो. करड्या शिशाच्या गोळ्या एकामागून एक गेल्या, आवाज मऊ, धक्का जवळपास नाहीच. एक सवय मात्र खटकली: दोन बारांच्या मध्ये ते नळी जमिनीकडे झुकवत. एवढ्या मोठ्या पुंगळीत चिमूटभर दारू असली की ती घरंगळून गोळीकडे जमा होते, प्रायमरची ज्वाळा तिला नीट गाठत नाही आणि वेग घटतो. दूरचे मेंढे गोळी लागूनही पडत नाहीत, या त्यांच्या दुसऱ्या तक्रारीचं मूळ बरंचसं इथेच होतं.

डबीतली शेवटची ओळ तांबूस टोकांची होती. पहिलं काडतूस गेलं ते नुसतं ‘फट्’ करून. पाटीवर आवाज नाही, समोरच्या मातीत धूळ नाही. त्यांचा हात सवयीने लिव्हरकडे गेलासुद्धा. मी ओरडलो, “थांबा! लिव्हरला हात नको!”

रायफल तशीच निशाण्याच्या दिशेने धरून ठेवायला लावली, कारण दारू उशिराने पेटण्याचीही शक्यता असते. अर्ध्या मिनिटाने लिव्हर उघडली, काळीकुट्ट पुंगळी बाहेर पडली. मॅगझिनमधली उरलेली काडतुसं काढून घेतली आणि नळीत उजेड पाडला. पलीकडे उजेड नाही. गोळी नळीतच. आणखी एक बार काढला असता तर निदान नळीला कडं पडल्यासारखा फुगवटा आला असता, आणि चेहरा दस्त्याला टेकलेला असताना त्याहून वाईट काय होऊ शकतं ते सांगायला नको.

“पण ही गोळीही १७० ग्रेनचीच आहे,” गृहस्थ म्हणाले. “दारूही तेवढीच.” ओतलेल्या गोळ्या संपल्या म्हणून विकतच्या, तांब्याच्या कवचाच्या गोळ्या त्यांनी त्याच मापावर भरल्या होत्या. वजन सारखं होतं हे खरं. पण वंगण लावलेलं शिसं नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत सहज शिरतं. तांब्याचं कवच शिरायला खूप जास्त जोर लागतो. तो जोरच नव्हता.

गोळी काढायचं काम शांतपणे करावं लागतं. ३३६ चं बरं असं, की लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागून सरकून बाहेर येतो. गोळी चेंबरच्या पुढे चारेक बोटांवरच होती, म्हणून तिला मागेच ढकलायचं ठरवलं. तेल सोडलं, थांबलो. मग नळीच्या तोंडातून जाडसर पितळी सळई घातली. पोलादी सळई नकोच, नळीचं तोंड खराब होतं. लाकडी हातोडीने टकटक करत राहिलो, शेवटी गोळी चेंबरमधून हातात पडली. कवचावर पिळाचे ठसे लख्ख उमटले होते.

नंतर शुद्ध शिशाचा तुकडा नळीतून ढकलून पाहिला. फुगवटा असेल तर त्या जागी तुकडा एकदम सैल पडतो, हाताला लगेच कळतं. तसं कुठे जाणवलं नाही. त्याच तुकड्याचं माप घेतल्यावर त्यांच्या नळीत शिशाचा थर साचत होता, त्याचं कारणही उमगलं: त्यांच्या गोळ्या नळीपेक्षा बारीक होत्या, कडेने गरम वायू निसटून शिसं वितळवत होता. गोळी हव्या जाडीची करणाऱ्या साइझरचा डाय (साचा) हजारांश-दोन हजारांश इंच मोठा घ्या, असं सांगितलं.

तांबूस टोकांची उरलेली काडतुसं ते माझ्याकडेच ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी ती फोडली. मनात एक शंका होती. एवढ्या थोड्या दारूत चुकून दुप्पट माप पडलं तरी पुंगळी भरत नाही, म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघावं लागतं. पण तसं काही निघालं नाही. प्रत्येकातली दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत सारखी. इतकं काटेकोर भरणारी माणसं माझ्या पाहण्यात कमीच आहेत.

चिठ्ठीवर ‘हेडस्पेस योग्य’ लिहून खाली सही केली. संध्याकाळी त्यांचा फोन आला, काढलेल्या गोळ्या पुन्हा वापरता येतील का विचारायला. म्हटलं, अडकलेली सोडून बाकीच्या खुशाल वापरा, पण पुस्तकात तांब्याच्या कवचाच्या गोळीसाठी दिलेल्या दारूवर आणि तिथल्याच मापाने. “मग खांदा दुखेल,” ते म्हणाले. म्हटलं, मग शिसं वितळवायला घ्या.