युनियन फी आहे, युनियन नाही : बेळगावात कॉलेजचा हिशोब मागताना

आमच्या डिग्री कॉलेजच्या पावतीवर ट्यूशन फीची ओळ एकच, बाकीच्या ओळी डझनभर. स्पोर्ट्स, युनियन, मॅगझिन, रीडिंग रूम, मेडिकल, स्टुडंट वेल्फेअर. एकेक रक्कम किरकोळ, म्हणून कुणी विचारत नाही. सगळ्या वर्गांची मिळून बेरीज केली की मात्र डोळे मोठे होतात. मॅगझिनची फी दरवर्षी कापली जायची आणि मी कॉलेजात आल्यापासून अंक एकदाही हातात पडला नव्हता.

आधी सरळ ऑफिसात विचारलं. हेडक्लार्क मामा वाईट माणूस नव्हे. "हे सगळं युनिव्हर्सिटीच्या रूलप्रमाणंच हाय की गा. हिशोब बघून तू काय करणार हाईस?" असं म्हणून त्यांनी पुढच्या पोराची पावती फाडली. सीआरकडे, म्हणजे वर्गप्रतिनिधीकडे, जावं तर आमच्याकडे सीआर निवडून येत नाही, मार्कांवर नेमला जातो. नेमणाऱ्यालाच तो जाब कसा विचारणार?

मग माहिती अधिकाराचा अर्ज करायचं ठरवलं. 2005 च्या कायद्याचं कलम 6 सांगतं, अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा. म्हणजे इथं कन्नडमध्ये. मराठीत दिला असता तर परत पाठवायला त्यांना आयतं निमित्त मिळालं असतं. सीमाभागात वाढलेल्याला यात टोचण्यासारखं पुष्कळ आहे. पण हे भांडण पैशाचं होतं, ते पैशावरच ठेवावं असं मला वाटलं. कन्नड शाळेत शिकलो होतोच. गोकाकच्या एका मित्राकडून वाक्यं तपासून घेतली आणि हेड पोस्टातून 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर आणली.

खरी मेहनत मजकुरात आहे. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांच्या आत. म्हणून मॅगझिनचा अर्ज वेगळा, स्पोर्ट्सचा वेगळा. दुसरं म्हणजे "का" विचारायचं नाही. "अंक का काढला नाही?" याला उत्तर द्यायला ते बांधील नसतात, कारण कायदा दप्तरात आहे तेवढंच द्यायला सांगतो. म्हणून मागितलं ते असं : गेल्या तीन वर्षांत मॅगझिन खात्यावर वर्षनिहाय किती जमा, किती खर्च, किती शिल्लक, त्या खात्याच्या लेजरची प्रत, आणि खर्चाला मंजुरी दिली त्या बैठकांचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त. कागदाचं नाव घेऊन मागितलं की टोलवाटोलवीला जागा कमी उरते. पोच घेतल्याशिवाय मात्र काउंटरवरून हलू नका.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. तोंडी विचारलं तर, "आपली खासगी संस्था, आपल्याला हे लागू नाही." कॉलेज अनुदानित, शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून. सर्वोच्च न्यायालयानं डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात 17 सप्टेंबर 2019 ला सांगितलंय की सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणारी कॉलेजं या कायद्याखाली येतात. मुदतीत उत्तर न देणं म्हणजे कायद्यानं नकारच, म्हणून पहिलं अपील केलं आणि निकालातली संबंधित पानं जोडली. ते अपीलही तीस दिवसांच्या आत करावं लागतं. त्यानंतर कागद आले, आणि मुदत उलटून गेल्यामुळे झेरॉक्सचे पैसेही लागले नाहीत. उशीर त्यांचा, फायदा आमचा!

चोरी सापडेल म्हणून वाट बघणारे मित्र लेजर बघून हिरमुसले. कुणी पैसे खाल्ल्याचं त्यात काही नव्हतं. मॅगझिनची रक्कम एका वर्षी गॅदरिंगच्या मांडवाला आणि फ्लेक्सला वर्ग केलेली, बाकीची खात्यात पडून. मला ते जास्त गंभीर वाटलं. मांडव आम्हालाच लागतो, मान्य. पण एका नावानं घेतलेला पैसा दुसरीकडे लावताना प्रोसिडिंगमध्ये साधी एक ओळही नसावी? ज्यांच्याकडून घेतला त्यांच्यापैकी एकाला तरी विचारावं, हे कुणाच्या मनात आलंच नव्हतं.

कागद घेऊन आम्ही पाच-सहा जण प्राचार्यांकडे गेलो, त्यात आता सीआरही होता. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2023 च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे फीचा प्रत्येक घटक प्रॉस्पेक्टसमध्ये छापावा लागतो. आमच्याकडे "इतर फी" अशी एकच ओळ होती. लेखी तक्रार गेली तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीला 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा लागतो, हेही सांगितलं. आवाज कुणी चढवला नाही. सर बराच वेळ लेजर चाळत बसले, मग म्हणाले, "लेखी तक्रार नको, बसून ठरवू."

ठरलं ते असं : वर्षअखेरीस खातेनिहाय जमा-खर्च नोटीस बोर्डावर लागेल, आणि स्पोर्ट्स व मॅगझिनच्या खरेदीला दोन विद्यार्थी बसतील, त्यातली एक मुलगी. हे दोघे आम्ही निवडू म्हटलं तर सर तयार झाले नाहीत. नावं स्टाफच ठरवणार. हे मला अजून पटलेलं नाही. पण कोटेशनवर विद्यार्थ्याची सही लागते एवढं तरी पदरात पडलं, आणि यंदाच्या अंकासाठी लेख मागवल्याची नोटीस लागली.

स्पोर्ट्स फीतला काही भाग कॉलेज विद्यापीठाकडे भरतं, असं लेजरवरून दिसलं. त्या पैशाचं पुढं काय होतं ते कॉलेजच्या दप्तरात मिळणार नाही. त्यासाठी राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावानं वेगळा अर्ज लिहून ठेवलाय. गोकाकचा मित्र सुट्टीवरून आला की तपासून पाठवतो.