चवथीआधी भिंत आणि छतामधली रेघ

आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या घरात गणपती बसतो तो हॉल चवथीआधी रंगवायचा, ही सासूबाईंची जुनी रीत. आजवर भिंती फिक्या पिवळ्या आणि छत पांढरं असायचं, त्यामुळे ब्रश चार बोटं इकडेतिकडे गेला तरी कोणाच्या नजरेत भरत नसे. २०२५ साली मी हट्टाने गडद निळा रंग घेतला. पणजीच्या फोंताइन्यासमधल्या निळ्या-पिवळ्या भिंती आणि खिडक्यांभोवतीचे पांढरे पट्टे लहानपणापासून मनात बसलेले. ती घरं देखणी दिसतात ती त्या नेटक्या कडांमुळे, असं मला नेहमी वाटतं. तशीच कड मला आमच्या हॉलमध्ये हवी होती.

चवथ २७ ऑगस्टला. श्रावणात पेंटर मिळणं कठीण, म्हणून मी आणि धाकट्या दिराने काम अंगावर घेतलं.

पहिली भिंत पार फसली. दुकानातून एक इंची मास्किंग टेप आणली, छताच्या कडेला चिकटवली, भिंतीला निळ्याचे दोन हात दिले आणि दोन दिवसांनी सावकाश टेप काढायला घेतली. निळा रंग टेपखाली शिरून करवतीच्या दात्यांसारखा छतावर उतरला होता. त्याहून वाईट म्हणजे टेपबरोबर छताचे पोपडे निघाले, कुठे नखाएवढे तर कुठे तळहाताएवढे. चवथ अठरा दिवसांवर. मला रडूच आलं.

वाड्यावरचे एक वयस्कर पेंटर आता काम घेत नाहीत, पण सासूबाईंनी बोलावलं म्हणून आले. स्टुलावर चढून त्यांनी छतावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट पिठात बुडवल्यासारखं पांढरं. "बाय, हांगा टेप कशी धरतली?" जुन्या डिस्टेंपरवर डिस्टेंपर चढत गेलेलं, वरचा थर भुकटी झालेला. टेप छताला चिकटलीच नव्हती, ती भुकटीला चिकटली होती. आमचा गिलावाही खरखरीत. त्याच्या कणांवर टेप पुलासारखी तरंगत राहते आणि खालच्या फटींतून रंग वाहतो.

मग जे केलं त्यातला बराचसा वेळ रंग लावण्याआधीच गेला. छताच्या चारही कडांचं डिस्टेंपर ओल्या स्पंजाने पुसून, खरवडून काढलं. भिंतींचा वरचा वीतभर भाग आणि कड यांवर लांबी (पुट्टी) भरली, वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, धूळ ओल्या फडक्याने टिपली, वर प्रायमर दिला. कोपऱ्यातल्या बारीक भेगांत नळीतला अ‍ॅक्रिलिक सीलंट भरून ओल्या बोटाने एका ओढीत सपाट केला. दुकानदार सिलिकॉन देत होता, पण त्यावर रंग धरत नाही. बाहेर पाऊस ओतत होता. डब्यावर चार तासांनी दुसरा हात असं लिहिलेलं, तरी आम्ही प्रत्येक हाताला रात्रभर पंखा लावून ठेवला. श्रावणातल्या गोव्यात डब्यावरच्या तासांवर विसंबू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. स्लॅब आणि भिंत भेटतात तो कोपरा सरळ नसतोच. आमच्या चौदा फुटांच्या भिंतीवर पाण्याच्या नळीने लेव्हल धरली तर एका टोकाला पाऊण इंचाचा फरक निघाला. रंगाची रेघ त्या कोपऱ्यात बसवू पाहाल तर ती कोपऱ्याबरोबर वाकडी होणार. म्हणून छताचा पांढरा रंग आधी दोन इंच भिंतीवर उतरवायचा आणि निळ्याची रेघ कोपऱ्याच्या थोडी खाली, भिंतीवरच आखायची. मी शुद्ध लेव्हलचा आग्रह धरला, तर पेंटरबाब म्हणाले, तशाने पांढरी पट्टी एका बाजूला अर्धा इंच आणि दुसऱ्या बाजूला सव्वा इंच होईल, ती आणखी खुपेल. फरक अर्धा-अर्धा वाटून घ्या, आणि ठरवायचं ते दारात उभं राहून, कारण येणारा माणूस तिथूनच बघतो. दिराने दोरी ताणून धरली, मी दारातून "थोडी वर, थोडी वर" करत राहिले. गवंडी मारतात तसं नीळ लावून सूत मारायचं नाही, निळीच्या भुकटीवर टेप पुन्हा सुटेल. दर दोन फुटांवर पेन्सिलीची खूण पुरते.

टेप खुणांच्या वर, पांढऱ्यावर, खालची कड बरोबर खुणेवर. जुन्या एटीएम कार्डाने ती कड दाबून घेतली. त्यानंतरची पायरी मला कधीच सुचली नसती. टेपच्या त्या खालच्या कडेवरून आधी निळा नाही, छताचाच पांढरा रंग बारीक ब्रशने ओढायचा. टेपखाली जिथे फट असेल तिथे पांढरा शिरतो, पांढऱ्यावर पांढरा, दिसत नाही, आणि वाळला की फट बुजते. मग निळ्याला आत जायला वाटच उरत नाही.

दुसरा हात ओला असतानाच टेप काढायची, पट्टी स्वतःवर दुमडून, तिरकी, सावकाश. एका कोपऱ्यात मला उशीर झाला, रंगाची साय धरली होती. तिथे आधी नव्या ब्लेडने कडेवरून हलकीशी रेघ मारली, नाहीतर साल निघाली असती. बाकी तिन्ही भिंतींवर टेप निघत गेली आणि मागे निळ्या-पांढऱ्याची कड उमटत गेली, सुरीने कापल्यासारखी. दीर काही न बोलता दारात जाऊन उभा राहिला आणि कितीतरी वेळ बघत होता.

पहिली, फसलेली भिंत घासून पुन्हा केली, तिला तीन दिवस लागले. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-फांद्या टांगतात ती चौकट छताच्या कड्यांना चढवली, सुपारीचे घोस आणि आंबाडे बांधले. माटोळीची एक फांदी भिंतीला घासून खिडकीवर वीतभर निळा खरचटलाय. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, वर शेड नंबर लिहून ठेवलाय. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेवढा दुरुस्त करणार आहे.